दुष्काळात उभा राहिलेला वाडा आणि आईची हजेरी

वाचकहो, नगर-पुणे रस्त्याने तुम्ही आजवर किती वेळा गेला असाल? कांद्याची गाडी घेऊन रात्री निघायचे, शिरूर, शिक्रापूर, वाघोली मागे टाकायची आणि पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात लिलावासाठी उभे राहायचे, हे आपल्या पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. येरवडा जवळ आले की रस्त्याला लागून मोठ्या झाडांच्या आड एक पांढरा, कमानींचा भलामोठा वाडा दिसतो. ड्रायव्हर म्हणतो, "आगाखान पॅलेस." आपण मान हलवतो आणि पुन्हा भावाची चिंता करू लागतो. मीही पंचवीस वर्षे हेच केले. आत काय आहे, कोणी बांधले, कशासाठी बांधले, हे विचारायला सवड कोणाला होती?

गेल्या हिवाळ्यात मात्र योग आला. गव्हाला दुसरे पाणी देऊन झाले होते, रात्रीच्या पाळीच्या विजेतून चार दिवस मोकळीक होती. नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, पुस्तकात धडा आहे, पण बघितलं कुठं?" मग ठरवले, रविवारी सगळ्यांनी जायचे. मी, सौ., मुलगी, सहावीतला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई. आई आधी नाहीच म्हणत होती. "मला काय कळतंय त्या राजवाड्यातलं?" असे तिचे म्हणणे. पण नातवाने हट्ट धरला आणि आज्जी लुगडे बदलून तयार झाली. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खिशालाही फार तोशीस पडली नाही. कंडक्टरला सांगून वाड्याजवळ उतरलो. बाहेरच सावली बघून भाकरी, पिठले आणि ठेचा असा बेत उरकला आणि मग तिकीट काढले. तुम्हीही जाल तेव्हा पोटपूजा आधीच उरका. उपाशी पोरांना इतिहास गोड लागत नाही.

वाडा बांधला कशासाठी?

आत शिरल्याबरोबर हिरवळ, वळणाच्या वाटा आणि जुनी उंच झाडे दिसतात. एकूण जागा १९ एकरांची. त्यातल्या सुमारे सात एकरांवर बांधकाम, बाकी सारी बाग. इमारत मजल्यावर मजला चढवलेली, सगळीकडून कमानी आणि भोवताली रुंद ओसरी. पोरे हिरवळीवर पळाली. सौ. म्हणाली, "एवढ्या बागेला रोजचं पाणी किती लागत असंल?" शेतकऱ्याच्या बायकोला पहिला हिशेब पाण्याचाच सुचणार.

मुलीने मोठ्याने माहिती वाचून दाखवली. इस्माइली खोजा पंथाचे धर्मगुरू, तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी १८९२ साली हा वाडा बांधायला घेतला. त्यांचा जन्म १८७७ चा, म्हणजे तेव्हा ते पंधरा वर्षांचेही पुरते झाले नव्हते! आणि बांधायचे कारण काय, तर आजूबाजूच्या गावांतल्या दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे. सुमारे एक हजार माणसे पाच वर्षे इथे राबली आणि बारा लाख रुपये खर्च आला.

हे ऐकून आई थांबली. इतका वेळ ती आपली पदर सावरत, "लई मोठं हाय बाई" म्हणत चालली होती. आता तिने मुलीला विचारले, "काय म्हणालीस? दुष्काळी काम व्हतं हे?"

"हो आज्जी. दुष्काळी कामच."

आई ओसरीच्या कडेला गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून अजून जात नाही. "मग हजेरी कोण घेत व्हतं?"

आईचा बहात्तरचा दुष्काळ

वाचकहो, या प्रश्नामागची गोष्ट सांगायला हवी. १९७२ च्या दुष्काळात आई एकवीस वर्षांची होती. घरात खाणारी तोंडे नऊ, विहिरीला ठणठणाट. आमच्या शिवारात पाझर तलावाचे काम निघाले. त्याआधी चार महिने ती रस्त्यावर खडी फोडायला होती. हातोड्याने बोटे फुटायची, त्यावर चिंधी बांधायची आणि पुन्हा बसायचे. पाझर तलावावर चौदा बायकांची त्यांची एक टोळी होती. माती खणणे, पाट्या भरणे, डोक्यावरून भरावावर नेऊन टाकणे. कामावर सुकडी मिळायची, ती निम्मी पदराला बांधून घरी आणायची. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, तिच्या भाकरीची चव तिला आजही आठवते आणि ती चव चांगली म्हणून आठवत नाही.

पगार आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी. एकदा मुकादमाने आईच्या नऊ दिवसांच्या हजेऱ्या लावल्याच नाहीत. तिने विचारले तर म्हणाला, "मस्टरला नाव नाही, म्हणजे तू आलीच नव्हतीस." आईला तेव्हा वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे ते तिला कळेना. तिच्या टोळीतल्या बायकांनी साक्ष दिली, पण अंगठेबहाद्दरांची साक्ष कोण धरतो? नऊ दिवसांची मजुरी बुडाली. आज पन्नास वर्षे उलटली. त्या काळातल्या पुष्कळ गोष्टी आई विसरली, पण ते नऊ दिवस विसरलेली नाही.

म्हणून तिने भिंतीला हात लावून हजेरीचे विचारले. हजार माणसे इथे पाच वर्षे राबली, हे आपण वाचतो. वाडा कोणी बांधवला त्यांचे नाव आहे, साल आहे, खर्च आहे. त्या हजारांपैकी कोणाचे नाव आम्हाला कुठे लिहिलेले दिसले नाही.

मुलीने केलेला हिशेब

बागेतल्या वाटेवर बसून मुलीने वहीत हिशेब मांडला. हजार माणसे, वर्षाचे तीनशे दिवस, अशी पाच वर्षे. म्हणजे पंधरा लाख रोज झाले. खर्च बारा लाख रुपये. सगळा खर्च मजुरीत वाटला असता, तर माणशी दिवसाला बारा-तेरा आणे पडले असते. पण त्या काळी आपल्याकडे साध्या मजुराचा रोज दोन-चार आण्यांच्या घरात असे. म्हणजे उरलेला पैसा दगड, लाकूड, चुना, काच आणि कुशल कारागीर यांच्याकडे गेला असणार. वाड्याचे काम म्हटल्यावर ते तसेच होणार.

ग्रामसेवक आणि रोजगार सेवक मंडळींना या हिशेबातली खोच लगेच कळेल. आपल्या रोजगार हमीच्या कामात साठ टक्के खर्च अकुशल मजुरीवर झाला पाहिजे, ही अट उगाच घातलेली नव्हती. पैसा सिमेंटकडे आणि यंत्राकडे जास्त गेला, तर काम झाले असे कागदावर दिसते, पण चूल पेटत नाही.

दुष्काळी काम ही गोष्ट आपल्या भागाला जुनी आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात इंग्रज सरकारने मजुरी तोडून दिवसाला जेमतेम रत्तलभर धान्याच्या हिशेबावर आणली. तेव्हा १८७७ साली मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली पुरा झाला, तोही दुष्काळी कामातूनच. आज त्या मार्गावरून गाडीने जाताना खालचा भराव कोणाच्या पाट्यांनी झाला, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

पुढे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि बहात्तरच्या दुष्काळाने ती साऱ्या महाराष्ट्रात नेली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या हाताला काम द्यायचे, असा तो विचार होता. देशाने २००५ साली रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याचे मूळ आपल्या मातीत आहे. वाड्याच्या काळी काम मिळाले ते एका धनवंताच्या मनात आले म्हणून. आईच्या पिढीनंतर काम मागणे हा हक्क झाला. एवढा फरक पडायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

कस्तुरबांची खोली

आता वाड्याच्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ, जी आपण शाळेत शिकतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो'चा ठराव होताच गांधीजींना मुंबईत पकडले आणि या वाड्यात आणून ठेवले. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, डॉ. सुशीला नायर, प्यारेलाल हेही इथे कैदेत होते. भोवती काटेरी तारा आणि पहारा. राजवाडा असला तरी तुरुंगच तो. सहाच दिवसांत, १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई हृदयविकाराने गेले. वय अवघे पन्नास. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी इथेच २१ दिवसांचा उपास केला. आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी इथेच देह ठेवला. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले, ते दोघांना इथेच मागे ठेवून.

खोल्यांमध्ये त्या काळच्या वापरातल्या साध्या वस्तू, चित्रे आणि छायाचित्रे मांडली आहेत. पोरांना आमिष दाखवायचे तर सांगा, 'गांधी' सिनेमातल्या कैदेच्या प्रसंगांचे चित्रीकरण इथे झाले होते. आमचा मुलगा तेवढ्यावर खूश.

आईला मात्र कस्तुरबांच्या गोष्टीने धरून ठेवले. मी तिला सांगितले की, या कैदेत गांधीजी कस्तुरबांना धडे देत. भूगोल शिकवत, वाचून घेत. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. आईने विचारले, "या वयात? आन् तिला येत व्हतं?"

"कधी यायचं, कधी विसरायच्या."

आई हसली. नव्वदच्या सुमारास आमच्या गावात साक्षरतेचे रात्रवर्ग निघाले, तेव्हा चाळिशीतली आई पाटी घेऊन जायची. सही शिकायला तिला दोन महिने लागले. "मला पण 'क्ष' काय येत नव्हता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण बहात्तरला सही आली असती, तर ते नऊ रोज गेले नसते."

सौ. हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता पोरगी वाचती ना सगळं."

वाड्याच्या मागच्या अंगाला समाध्या आहेत. कस्तुरबा आणि महादेवभाई शेजारी शेजारी. गांधीजींच्या रक्षेचा अंशही तिथे ठेवला आहे. गांधीजी कैदेत असताना महादेवभाईंच्या समाधीवर रोज फुले वाहायला जात. कस्तुरबांना अखेरचे नेसवलेले लुगडे गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे होते. हे ऐकून आईने चपला काढल्या, समाधीपुढे डोके टेकले. "राजवाड्यात राहूनबी लुगडं आपल्या घरच्या सुताचं," एवढेच बोलली.

१९६९ साली चौथे आगाखान शाह करीम यांनी हा वाडा गांधीजींच्या स्मृतीसाठी देशाला दिला. २००३ साली तो राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक झाला. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे पुण्याच्या मेट्रोचा मार्गसुद्धा इथे वळवून कल्याणीनगरातून न्यावा लागला. दुष्काळात राबलेल्या हातांनी उभारलेल्या भिंतीसाठी मेट्रो वळली, हे बघून बरे वाटले.

गावात परतल्यावर

संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. पोरे पेंगली. आई खिडकीतून बाहेर बघत होती. शिरूर सोडल्यावर म्हणाली, "आपल्या तलावाला कुणी बघत न्हाई रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पाझर तलावावर गेलो. वाचकहो, खरे सांगायचे तर मला लाज वाटली. भरावावर बाभळी माजल्या आहेत, मुळांनी दगड सुटले आहेत. पोटात गाळ इतका की, पाऊस झाला तरी पाणी पसरते, मुरत नाही. खालच्या बाजूच्या अकरा विहिरी या तलावावर जगतात, त्यात माझीही एक. उन्हाळ्यात पाणी गेले म्हणून आम्ही बोअर मारतो, आणखी खोल मारतो. पण ज्या तलावासाठी आमच्या आयांनी डोक्यावरून माती वाहिली, त्यातला गाळ काढायला एक दिवस जात नाही. वाड्याला रखवालदार आहे, माळी आहे, कायदा आहे. आपल्या तलावाला कोण आहे?

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने रोजगार हमीच्या पैशातून चर खणले, बांध घातले, आणि ती कामे जपली. म्हणून ते गाव टँकरची वाट बघत बसत नाही. दुष्काळी काम गावोगाव झाले. ते जपले कोणी, यावर पुढचे सगळे अवलंबून राहिले.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, दोन गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली, बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात आपल्या गावात जी कामे झाली, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, त्यांची यादी ग्रामसभेत करा. कोणते शाबूत आहे, कोणते फुटले, कोणते गाळाने भरले, ते शिवारात फिरून पाहा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली पुन्हा हाती घेतली गेली. तिच्यातून काय करता येईल ते तालुक्याला विचारा. गाळ हलक्या रानात पडला तर रान सुधारते आणि तलावाचे पोट रिकामे होते. एका दगडात दोन पक्षी.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. त्या कामांवर राबलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना भेटा, नावे लिहून घ्या. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, तीही आनंदाने करतील. जुनी मस्टरे मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी म्हाताऱ्यांना आपल्या टोळीतली नावे पाठ असतात. ती एका फलकावर लिहा आणि फलक भरावाच्या टोकाला लावा. हे आणखी दहा वर्षांनी करायचे म्हटले, तर विचारायला कोणी उरलेले नसेल.

आमच्या घरी सुरुवात झाली आहे. परवा रात्री मुलगी वही घेऊन आज्जीपुढे बसली. आईने डोळे मिटून टोळीतली चौदाही नावे सांगितली, माहेरच्या आणि सासरच्या आडनावांसकट. त्यांतल्या पाच जणी आज हयात आहेत. ती नावे मी इथे छापत नाही, कारण ती आधी तलावावर लागायची आहेत. येत्या ग्रामसभेत यादी मांडणार आहे.

नावे लिहून झाल्यावर मुलीने वही आज्जीपुढे धरली. आईने चष्मा लावला आणि चौदाव्या नावापुढे, सावकाश, एकेक अक्षर जोडत, स्वतःची सही केली. पन्नास वर्षांनी का होईना, तिने तिची हजेरी लावली.

तुमच्या घरातही अशी एखादी आज्जी असेल. रविवारी सवड काढा, तिला आणि पोरांना घेऊन वाडा बघून या. आणि येताना आपल्या तलावाच्या वाटेने या.